भंडारदरा–हरिश्चंद्रगड परिसर : प्रेक्षणीयतेचे ऋतुमान

एखाद्या प्रदेशातील प्रेक्षणीय स्थळांची यादी देणे हे मार्गदर्शिकेचे काम. ती स्थळे प्रेक्षणीय कशामुळे झाली आणि कोणत्या परिस्थितीत तशी राहू शकतील, ह्याचा शोध घेणे हे भूगोलाच्या अभ्यासकाचे काम होय. अहिल्यानगर (इ. स. २०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कळसूबाईचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचा जलाशय, रंध्याचा प्रपात, सांधणची घळ इत्यादी स्थळे लहानशा टापूत एकवटलेली असून मुंबई, पुणे व नाशिक ह्या तिन्ही शहरांतून तेथे काही तासांत पोहोचता येते. त्यामुळे आठवड्याच्या अखेरीस ह्या परिसरात पर्यटकांची मोठी वर्दळ असते.

परंतु अशा यादीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, ही स्थळे वर्षभर जागच्या जागी, पाहणाऱ्याची वाट पाहत उभी आहेत. वास्तविक येथे लोक जे पाहावयास येतात त्यांतील बहुतेक गोष्टी स्थळे नसून घटना आहेत. कडा बारा महिने असतो, पण त्यावरून दिसणारे इंद्रवज्र पावसाळ्यातील काही वेळाच दिसते. झाडे वर्षभर असतात, पण त्यांवरील काजवे दोनतीन आठवड्यांचेच असतात. खडक, पाऊस, वन आणि मानवनिर्मित जलव्यवस्था ह्यांचा विशिष्ट वेळी संयोग झाला म्हणजे त्या घटना घडून येतात. प्रस्तुत लेखात ह्या घटनांची कारणे व त्यांचे ऋतुमान ह्यांचा विचार करून पर्यटनाचा भार नेमका कोणत्या वेळी व कोणावर पडतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रदेशाची घडण

हा सर्व प्रदेश दख्खनच्या लाव्हाथरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला व त्यांतून बेसाल्ट खडकाची प्रचंड रास निर्माण झाली. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातील ह्या थरांचे जे तीन उपगट मानले आहेत, त्यांतील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या उपगटास ‘कळसूबाई’ हेच नाव दिलेले आहे. ह्या उपगटात फेल्डस्पार खनिजाचे मोठमोठे स्फटिक असलेले काही थर आढळतात. एका थरसमूहाची सीमा कोठे संपते हे ओळखण्यास त्यांचा फार उपयोग होतो.

सर्व थर सारखे कठीण नाहीत. घट्ट व सलग थर उभे तुटतात आणि त्यांचे कडे होतात. सच्छिद्र थर लवकर झिजतात आणि त्यांचे उताराचे टप्पे होतात. ह्या परिसरातील डोंगरांना दुरून पाहता जो पायऱ्यांसारखा आकार दिसतो त्याचे कारण हेच. दुर्ग बांधणाऱ्यांनी ह्या निसर्गनिर्मित तटांचा उपयोग करून घेतला. रतनगडाच्या माथ्यावरील ‘नेढे’, म्हणजे खडकाला आरपार पडलेले छिद्र, हेदेखील विषम झिजेचेच फळ आहे. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते. गडमाथ्यावरील खोदीव टाकी व लेणी ह्यांत पाणी टिकून राहते ते बहुधा ह्यामुळेच. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत तर शिवलिंगाभोवती सदैव पाणी भरलेले असते.

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच असून ते महाराष्ट्रातील सर्वोच्च होय. ज्या पूर्व-पश्चिम रांगेवर ते आहे तिच्या दक्षिणेस प्रवरेचे खोरे व उत्तरेस दारणेचे खोरे आहे. हरिश्चंद्रगडापासून पूर्वेकडे निघालेली रांग पुढे बालाघाटास मिळते व गोदावरी आणि भीमा ह्यांच्या खोऱ्यांतील जलविभाजक बनते. म्हणजे पर्यटक ज्याला केवळ सुंदर देखावा समजतो, तो महाराष्ट्राच्या नदीव्यवस्थेचा एक महत्त्वाचा उंबरठा आहे.

२. पाऊस, धरण आणि प्रपात

घाटमाथ्यावरील घाटघर येथे वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सुमारे पस्तीस किलोमीटर पूर्वेस असलेल्या अकोले गावी त्याचा अल्पसा अंशच पोहोचतो. पर्जन्यछायेचे इतके ठळक उदाहरण राज्यात क्वचितच आढळेल. पश्चिमेचे पाणी पूर्वेच्या कोरड्या भागास देण्याची कल्पना ह्याच विषमतेतून निघाली. प्रवरेवरील भंडारदऱ्याच्या धरणाचे काम इ. स. १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन ह्यांच्या नावाने ते ‘विल्सन धरण’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातील अत्युच्च धरणांत गणले जात असे. त्याची साठवणक्षमता सुमारे अकरा अब्ज घनफूट आहे. ह्या पाण्यावर खालच्या भागात उसाची शेती उभी राहिली. प्रवरानगर येथे इ. स. १९५० मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना हा त्याच कालव्यांच्या प्रदेशातला.

आता प्रपातांकडे पाहू. धरणाच्या पायथ्याशी जो ‘अंब्रेला फॉल’ पाहावयास लोक जमतात, तो नैसर्गिक नव्हे. धरणाच्या विमोचकातून सोडलेले पाणी खालच्या गोलसर खडकावर आदळून छत्रीसारखे पसरते, एवढाच त्याचा अर्थ. पाणी सोडले की प्रपात सुरू होतो, बंद केले की थांबतो. म्हणजे ह्या देखाव्याचे वेळापत्रक निसर्गाच्या हाती नसून पाटबंधारे खात्याच्या हाती आहे. रंध्याचा प्रपात मात्र प्रवरेचा स्वतःचा. घोरपडादेवीच्या मंदिराजवळ नदी सुमारे पन्नास मीटर खाली झेप घेते. परंतु त्याचेही पूर्वीचे स्वातंत्र्य उरलेले नाही. येथील पाणी जलविद्युत्‌निर्मितीसाठी प्रपाताला वळसा घालून खाली नेले जात असल्याने पावसाळ्याबाहेर कड्यावर पाण्याची धार फारशी दिसत नाही. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजेच तो खऱ्या रूपात प्रकट होतो.

ह्या दोन उदाहरणांवरून एक सामान्य विधान करता येते. ज्याला ‘निसर्गसौंदर्य’ म्हणून पाहिले जाते, त्यात पाणीवाटपाचा एक दीर्घ इतिहास मिसळलेला असतो. इ. स. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाल्यावर वरच्या धरणांतील पाणी जायकवाडीसाठी खाली सोडण्याचा प्रश्न टंचाईच्या वर्षी वारंवार उभा राहिला. पाहणाऱ्यास निळाशार वाटणारा जलाशय हा वस्तुतः अनेकांच्या हक्कांचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात जलाशयाकाठच्या गावांचा वाटा फारच थोडा आहे.

३. कोकणकडा आणि इंद्रवज्र

हरिश्चंद्रगड हा अहिल्यानगर, पुणे व ठाणे ह्या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. त्याच्या पश्चिम अंगास कोकणकडा आहे. हा कडा केवळ उभा नसून मध्यभागी आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा अर्धगोलाकार आहे. खालून कोकणातील दमट वारा येऊन ह्या पोकळीत वर चढतो, थंड होतो व धुके होऊन साचतो. पावसाळ्यात व त्याच्या शेवटी कधीकधी वर ऊन आणि खाली दरीत धुके अशी स्थिती निर्माण होते. अशा वेळी कड्याकडे तोंड करून उभे राहिले तर सूर्य सकाळी पाठीशी असतो, तिसऱ्या प्रहरानंतर तो समोर पश्चिमेस कलतो. म्हणून कड्याच्या वळणावर कोठे उभे राहावे हे वेळेनुसार बदलते. सूर्य पाठीमागे, धुके समोर खाली आणि मध्ये पाहणारा, ही तीन अंगे एका रेषेत आली म्हणजे धुक्यावर पाहणाऱ्याची सावली पडते व तिच्या मस्तकाभोवती रंगांची पूर्ण वर्तुळे उमटतात. ह्यालाच इंद्रवज्र म्हणतात.

इंद्रधनुष्य व इंद्रवज्र ह्यांत कारणभेद आहे. इंद्रधनुष्यात किरण पावसाच्या मोठ्या थेंबात शिरून वळतो, आत परावर्तित होतो व रंगांत विभागून बाहेर पडतो. त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. इंद्रवज्रातील थेंब धुक्याचे, म्हणजे अत्यंत सूक्ष्म असतात. त्यांच्याकडून प्रकाश जवळजवळ आल्या दिशेनेच परत फिरतो व प्रकाशलहरींच्या परस्पर परिणामाने थोड्याच अंशांची लहान वर्तुळे तयार होतात. प्रत्येक पाहणाऱ्यास आपल्याच सावलीभोवतीचे वर्तुळ दिसते, शेजाऱ्याचे नाही. कर्नल विल्यम साइक्स ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथून दिसलेल्या अशा वर्तुळांची नोंद केली असून, हा देखावा आज ज्यांना माहीत आहे त्यांपैकी अनेकांना तो त्या नोंदीमुळेच माहीत झाला आहे.

इंद्रवज्राची हमी कोणालाही देता येत नाही. तरीही ते हमखास दिसणार ह्या अपेक्षेने येणारा समूह धुक्यात, ओल्या गवतावर, कड्याच्या अगदी टोकाशी जातो. ज्या स्थितीत इंद्रवज्र संभवते तीच स्थिती, म्हणजे दाट धुके व निसरडा खडक, कडा सर्वाधिक धोकादायक करते. सौंदर्य व धोका ह्यांचे कारण येथे एकच आहे.

४. वाटा, शिखरे आणि सांधण

आज पदभ्रमणाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या वाटा मुळात कामाच्या वाटा होत. घाटमाथा व कोकण ह्यांच्यामधील दळणवळण ह्या खिंडींतून चाले, आणि तिच्यावर नजर ठेवण्यासाठीच एवढे गड उभारले गेले. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे व कोकणातील बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जाता येते. पहिली वाट सोपी, दुसरी लांब, तिसरी अनुभवी गिर्यारोहकांनीच चढावी अशी आहे. गडावरील हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, त्याच्या परिसरातून निघणारी मंगळगंगा आणि चांगदेवांच्या तपश्चर्येची परंपरा ह्यांमुळे ही वाट यात्रेचीही आहे. रतनगडाच्या पायथ्याचे रतनवाडी येथील अमृतेश्वराचे कोरीव मंदिरही असेच यात्रा व सहल ह्यांच्या सीमेवर आहे.

कळसूबाईची चढण बारी गावातून सुरू होते. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर असून नवरात्रात पंचक्रोशीतील लोक दर्शनास जातात. ह्या देवीची लोककथा लक्षणीय आहे. कळसू ही कोळी मुलगी झाडलोट व भांडी घासणे ही दोन कामे करणार नाही, ह्या अटीवर एका घरी चाकरीस राहिली. ती अट मोडली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. ज्या ठिकाणी तिने भांडी घासली तो टप्पा ‘थाळेमेळ’ म्हणून दाखविला जातो. राज्यातील सर्वोच्च शिखराचे नाव अशा रीतीने एका कामकरी मुलीचे आहे.

साम्रद गावाजवळची सांधण ही घळ वेगळ्या प्रकारची आहे. बेसाल्टमधील उभ्या भेगेच्या रेषेत पाण्याने खडक कोरत नेऊन ती तयार झाली असावी. दोन्ही बाजूंस उंच भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम काही मीटर रुंदीची वाट, तळाशी गोटे व गार पाण्याचे डोह असे तिचे स्वरूप आहे. पलीकडचे टोक कोकणात उतरते व तेथे दोरांवाचून गती नाही. हिवाळ्यात ती सुरक्षित असते. पावसाळ्यात मात्र भोवतालच्या उतारांचे सर्व पाणी ह्याच अरुंद तोंडात शिरत असल्याने आत जाणे प्राणघातक ठरते. येथे ऋतूचे भान ही सोय नसून जीवनमरणाची बाब आहे.

५. काजव्यांचे पंधरवडे

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी पडून हवा दमट झाली म्हणजे, ह्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा इत्यादी झाडांवर असंख्य काजवे चमकू लागतात. एका झाडावरील काजवे पुष्कळदा एका लयीत उघडझाप करतात. काजव्याच्या शरीरातील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. ह्या प्रकाशाचे प्रयोजन मीलन हे आहे. नर आपल्या जातीच्या विशिष्ट लयीत संकेत देतो व मादी, जी बहुधा खाली गवतात वा झुडपात असते, ती उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. त्याच्या जीवनाचा मोठा भाग ओलसर मातीत अळीच्या रूपात जातो, आणि तेथे ती गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर जगते.

ह्यावरून पर्यटनाचा परिणाम कसा होतो ते सहज कळेल. मोटारींचे दिवे व विजेऱ्या ह्यांच्या उजेडात काजव्यांचे संकेत एकमेकांस दिसेनासे होतात. वाटेबाहेर गवतात पाऊल टाकले तर माद्या व अंडी तुडविली जातात. एका हंगामातील मीलन बिघडले की त्याचा परिणाम पुढील हंगामात दिसतो, तोही अंधारात, मोजणी न करता लक्षात न येणारा. कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य इ. स. १९८६ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. राज्यप्राणी शेकरू हे त्याचे भूषण मानले जाते. परंतु सर्वांत मोठा समुदाय आज शेकरूसाठी नव्हे, तर ह्या चिमुकल्या कीटकासाठी येतो. वनखात्याने ह्या काळात वेळ, वाहने व प्रकाश ह्यांवर निर्बंध घातले आहेत ते योग्यच आहे.

६. भार कोणावर, लाभ कोणास

ह्या गावांत प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव करून इ. स. १८४८ मध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे हे ह्याच भागातील देवगावचे. भात, नागली व वरई ही येथील मुख्य पिके. हिरड्यासारख्या वनोपजावर अनेक कुटुंबांची रोकड अवलंबून असते. देशी बियाण्यांच्या संवर्धनासाठी इ. स. २०२० मध्ये पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या राहीबाई पोपेरे ह्याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या. काळभात, जिरवेल ह्यांसारखे भाताचे स्थानिक वाण येथे अद्याप टिकून आहेत.

आता पर्यटनाचे ऋतुमान व गावाचे ऋतुमान शेजारी ठेवून पाहावे. काजव्यांचा हंगाम म्हणजे विहिरी व झरे तळाला गेलेले दिवस. येथील बेसाल्ट पाणी फारसे साठवीत नाही; त्यामुळे जेथे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथेच उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरावरच्या वाड्यांतील बायकांना हंड्यासाठी दूर जावे लागते. नेमक्या त्याच आठवड्यांत रात्रीच्या मुक्कामाचे पाहुणे सर्वाधिक येतात, आणि प्रत्येक पाहुण्याचे पाणी कोणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते. प्रपातांचा हंगाम म्हणजे जुलै. तोच भाताच्या आवणीचा काळ. ज्या दिवशी खाचरात प्रत्येक हात हवा असतो त्याच दिवशी वाटाड्याचे व न्याहारी रांधण्याचे कामही पुढे येते. उलट हिवाळ्यात, जेव्हा भात घरात आलेला असतो, पाणी पुरेसे असते आणि सांधण व गडवाटा सर्वांत सुरक्षित असतात, तेव्हा पर्यटकांची गर्दी तुलनेने विखुरलेली असते. मागणी व सोय ह्यांचा हा विरोध ह्या प्रदेशाच्या पर्यटनातील मूळ प्रश्न होय.

लाभाच्या वाटणीचा प्रश्न ह्याला जोडूनच येतो. जलाशयाकाठी तंबू उभारणारा बाहेरचा व्यावसायिक आणि त्या तंबूत भाकरी पोहोचविणारे स्थानिक कुटुंब ह्यांच्या उत्पन्नात महदंतर असते. घर, अन्न, वाट व माहिती ही चारही जेव्हा गावाच्या हाती असतात, तेव्हा झाड टिकविण्यात गावाचा प्रत्यक्ष स्वार्थ निर्माण होतो. हिरड्याचे झाड मग दोनदा उत्पन्न देते, एकदा फळाने व एकदा काजव्यांनी. जेथे गावाच्या वाट्यास केवळ झाडलोट व भांडी येतात, तेथे असा स्वार्थ निर्माण होण्याचे कारण नाही.

७. समारोप

इ. स. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार क्षेत्रे त्यात आली. प्रस्तुत परिसर त्यांत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दैनंदिन प्रेक्षकसंख्येस मर्यादा घालण्याचा व आगाऊ नोंदणीचा मार्ग अवलंबिण्यात आला. तो येथेही उपयोगी पडेल. परंतु कासचे पठार एक आहे व त्याचा हंगाम एक आहे. भंडारदरा–हरिश्चंद्रगड परिसरात हंगाम अनेक आहेत आणि प्रत्येकाची नाजूक बाजू निराळी आहे. काजव्यांच्या काळात मर्यादा हवी ती वाहनांवर, प्रकाशावर व मुक्कामाच्या पाण्यावर. पावसाळ्यात हवी ती कडे व घळींतील प्रवेशावर. सोनकी व कारवी फुलण्याच्या दिवसांत हवी ती वाटेबाहेर पडणाऱ्या पावलांवर. कारवी तर सात वर्षांच्या अंतराने फुलते, म्हणून एका हंगामातील हानी भरून येण्यास तेवढाच काळ लागतो.

सारांश, ह्या प्रदेशाचे नियोजन स्थळांच्या नकाशावरून करण्यापेक्षा ऋतूंच्या पंचांगावरून करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. तसे पंचांग तयार करण्यासाठी लागणारी माहिती, उदाहरणार्थ विहिरींची महिनावार पातळी, आवणीचे दिवस, काजव्यांच्या झाडांची गणना, विमोचकाच्या आवर्तनाच्या तारखा, गोळा करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्राभ्यासात सहज बसणारे आहे. शतकापूर्वी ह्या भूमीने आपले पाणी खालच्या प्रदेशास दिले आणि त्यातून तेथे समृद्धी आली. आता तिचे सौंदर्यही बाहेर वाटले जात आहे. ते वाटताना येथील विहीर, खाचर व अंधार शाबूत राहतील असा हिशेब आधी मांडला गेला, तरच ह्या दुसऱ्या देवघेवीत डोंगराकडील माणसास त्याचा न्याय्य वाटा मिळू शकेल.